निवडते आहे, की निवडलं?

मंडळी, आजच्या लेखाचा विषय कळल्यावर आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे हसणार, हे मी धरूनच चालले आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेली, उभी हयात आठवी ते दहावीच्या वर्गांना व्याकरण शिकवलेली बाई आता पंचाहत्तरीला ब्राउजरवर लेख लिहिणार म्हणजे काय! पण जरा धीर धरा. हा विषय जितका संगणकाचा आहे, तितकाच काळाचाही आहे. घड्याळातला काळ नव्हे, व्याकरणातला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. संकेतस्थळांवरच्या फॉर्ममध्ये ती खाली उघडणारी यादी असते ना, जिला ड्रॉपडाउन म्हणतात, तिच्यातल्या एखाद्या नावावर येणं आणि ते नाव पक्कं करणं या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत. पान बनवणारे त्या दोन्ही एकच मानतात, आणि मग कुणाचा तरी जीव मेटाकुटीला येतो. "सगळे ब्राउजर एकसारखे वागायला लागले की हा प्रश्न सुटेल" असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. ते आता बऱ्याच अंशी एकसारखे वागतात. प्रश्न मात्र तिथेच आहे.

हे मला कसं कळलं, तेही सांगते. ब्लॉग सुरू केला २००७ साली. तेव्हा पानाच्या साच्यात मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून थोडं एचटीएमएल शिकावं लागलं आणि त्या खटाटोपाची गोडी लागली ती लागलीच. बाकीची माहिती आमच्या भाचेसुनेची. ती हेच काम करते. तिच्याशी फोनवर वाद घालत घालत मी हा विषय समजून घेतला आहे. वादात ती हरली असं मी म्हणणार नाही, पण शेवटी "मामी, लिहाच तुम्ही" असं म्हणाली खरी.

आता व्याकरणाकडे वळू. "ती जिल्हा निवडत आहे" हा अपूर्ण वर्तमानकाळ. "तिने जिल्हा निवडला आहे" हा पूर्ण वर्तमानकाळ. वर्गात हा फरक शिकवताना मी साडीच्या दुकानाचं उदाहरण द्यायची. आपण गादीवर बसून साड्यांवरून हात फिरवत असतो. ही बघू, ती बघू, या पदराचा रंग बघू. हात लागलेल्या पहिल्याच साडीचं बिल दुकानदाराने फाडलं तर चालेल का? आपण अजून निवडत असतो, निवडलेली नसते. मुलांना हे लगेच समजायचं. संगणकाच्या पानांना ते पंचवीस-तीस वर्षांत नीट समजलेलं नाही.

यंत्राच्या बाजूने बघू. पान आणि आपण यांच्यामध्ये ब्राउजर असतो. एके काळी आपण ब्लॉगवाले त्याला मोठ्या कौतुकाने न्याहाळक म्हणायचो! आपण पानावर काही केलं की ब्राउजर पानाला त्याची वर्दी देतो. कळ दाबली, माऊस हलवला, टिचकी मारली, अशा प्रत्येक गोष्टीची वेगळी वर्दी. इंग्रजीत तिला इव्हेंट म्हणतात. 'घटना' असा शब्द पुस्तकात करतात, पण मला 'वर्दी' जास्त पटतो, कारण घटना घडणं आणि तिची वर्दी पोचणं यांत अंतर असतं, आणि आपल्या गोष्टीची सगळी गंमत त्या अंतरातच आहे. यादीतलं नाव बदललं की जी वर्दी दिली जाते तिचं नाव 'चेंज'. प्रश्न इतकाच की नाव नेमकं कधी बदललं असं समजायचं? बाणाची कळ दाबून खालच्या नावावर आलो तेव्हा? एंटर दाबलं तेव्हा? की यादी सोडून फॉर्मच्या पुढच्या रकान्यात गेलो तेव्हा?

माऊसने काम करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याने टिचकी मारून यादी उघडली, नजर वरून खाली फिरवली, हव्या त्या नावावर दुसरी टिचकी मारली. नजर फिरवणं हा अपूर्ण काळ आणि टिचकी हा पूर्ण काळ, दोन्ही स्वच्छ वेगळे. घोटाळा आहे तो कीबोर्डवाल्यांचा. विंडोजच्या संगणकावर यादी न उघडता बाणाची कळ दाबली, तर नाव तिथल्या तिथे बदलतं. नजरेचं काम आणि बोटाचं काम एकाच कळीवर येऊन पडतं.

आता थोडा इतिहास. जावास्क्रिप्टची घोषणा नेटस्केपने डिसेंबर १९९५ मध्ये केली आणि १९९६ मध्ये नेव्हिगेटर २ या ब्राउजरमधून ती लोकांच्या हाती आली. पान स्वतःहून काही करू शकतं ही तेव्हा मोठी नवलाई होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ३ मध्ये आपली त्याच घाटाची भाषा आणली. दोघांची चढाओढ चालली होती आणि नियम मागाहून लिहिले गेले. डिसेंबर १९९९ मधल्या एचटीएमएल ४.०१ च्या प्रमाण मसुद्यात 'चेंज'ची व्याख्या अशी होती: रकान्यातला मजकूर बदललेला असेल आणि माणूस तो रकाना सोडून बाहेर पडला, तर ही वर्दी द्यावी. म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ! मला ही व्याख्या फार आवडते. माणूस बाहेर पडला, अर्थात त्याचं ठरलं.

पण व्यवहारात तसं झालं नाही. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये बाणाच्या प्रत्येक कळीला वर्दी जायची. फायरफॉक्स मात्र एंटर दाबेपर्यंत किंवा यादी सोडून जाईपर्यंत गप्प बसायचा. एकच पान, एकच माणूस, एकच कळ. एका ब्राउजरमध्ये दहा वर्द्या आणि दुसऱ्यात एक. त्यात आणखी भर म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत ही वर्दी यादीच्या बाहेर वरपर्यंत पोचायचीच नाही. बाकीच्या ब्राउजरांत ती पाण्यातल्या बुडबुड्यासारखी वर चढत जाते, त्यामुळे पूर्ण फॉर्मवर एकच पहारेकरी बसवून चालतं. इथे प्रत्येक यादीवर वेगळा बसवावा लागे. २०११ मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हा हे सुधारलं. तोवर मधल्यामध्ये जेक्वेरीसारख्या तयार साधनांनी कामं सावरली. जानेवारी २०१० मधल्या तिच्या १.४ या आवृत्तीत हा बुडबुडा सगळीकडे वर चढेल अशी सोय केलेली होती. भाचेसून म्हणते, त्या काळी नोकरीला लागलेल्यांचा निम्मा दिवस असली ठिगळं लावण्यात जायचा.

म्हणजे तक्रार खोटी नव्हती. चार ब्राउजर चार तऱ्हांनी वागत असतील तर पान बनवणाऱ्याने करायचं तरी काय? पण पुढे काय झालं पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये फायरफॉक्सची ६३ वी आवृत्ती आली आणि तिच्यात फायरफॉक्सनेही बाणाच्या कळीला लगेच वर्दी द्यायला सुरुवात केली. इंटरनेट एक्स्प्लोररची साथ तर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये सोडली. झाली एकवाक्यता! पण कोणत्या बाजूने झाली? जो ब्राउजर माणसाचं ठरेपर्यंत थांबत होता, तो न थांबणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पान बनवणाऱ्यांची डोकेदुखी कमी झाली. कळ दाबणाऱ्याची झाली नाही. पूर्वी निदान एका ब्राउजरमध्ये तरी त्याला विचार करायला सवड मिळत होती.

मी फायरफॉक्सला दोष देत नाही. बहुतेक पानं दुसऱ्या रीतीला धरूनच लिहिलेली असताना एकट्याने वेगळं वागून त्याच्या वापरकर्त्यांचीच गैरसोय होत होती, हे उघड आहे. आणि ही एकवाक्यताही वाटते तितकी पक्की नाही. मॅकवर तीच बाणाची कळ दाबली तर आधी यादी उघडते आणि नाव पक्कं केल्यावरच वर्दी जाते. मोबाइलवर यादी फोनच्या स्वतःच्या पद्धतीने उघडते. ब्राउजर ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्राच्या चालीरीती तो पाळतो, आणि तसंच असायला हवं. एचटीएमएलच्या आजच्या प्रमाण मसुद्यातही हे मोकळं ठेवलं आहे. टिचकीने, किंवा नाव बदलून यादीतून बाहेर पडल्यावर, किंवा अन्य कोणत्याही मार्गाने निवड झाली की वर्दी द्यावी, असा त्याचा आशय आहे. "अन्य कोणत्याही मार्गाने" हे वाचून मला हसू आलं. आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकेत 'इत्यादी' दिसलं की लाल पेन काढतो. पण इथलं 'इत्यादी' शहाणपणाचं आहे. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की माणसं आणि यंत्रं अनेक प्रकारची असणार.

हे सगळं मला कळलं ते एका सहकाऱ्यामुळे. आमच्या शाळेत गणित शिकवणारे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना कंपवात आहे. हात थरथरतो, त्यामुळे माऊसचा बाण जागेवर राहत नाही. पण सर हार मानणाऱ्यांतले नाहीत. कीबोर्डवर सगळं करायला शिकले. टॅब दाबत एकेका रकान्यात जायचं, बाणाने निवडायचं, एंटर मारायचं. पेन्शनीचे कागद, विजेचं बिल, सगळं स्वतः. मागच्या वर्षी ते एक अर्ज भरत होते. कोणतं संकेतस्थळ ते सांगत नाही. अशी पुष्कळ आहेत, एकट्याचं नाव घेऊन काय होणार? अर्जात पहिलाच रकाना जिल्ह्याचा. यादीत सर्वात वर "निवडा" आणि त्याखाली इंग्रजी अक्षरानुक्रमाने छत्तीस जिल्हे. सरांना हवा होता सातारा.

त्यांनी बाणाची कळ एकदा दाबली. यादी अहिल्यानगरवर आली, आणि त्याच क्षणी पूर्ण पान नव्याने उघडलं. पान नव्याने उघडल्यावर आपण पुन्हा अगदी वर. सर परत टॅब दाबत दाबत जिल्ह्याच्या रकान्यापर्यंत आले. कळ दाबली. अकोला. पान पुन्हा नवं. पुन्हा टॅब. अमरावती. मी त्यांच्याकडे सहज गेले होते तेव्हा ते बीडपर्यंत पोचले होते. त्या यादीत सातारा तिसावा येतो.

"बाई, आता डोकं चालत नाही हो," सर मला म्हणाले. "काहीतरी चुकतंय माझं. सूनबाई आली की तिच्याकडून भरून घेतो."

संध्याकाळी सूनबाईंनी माऊसने दोन मिनिटांत अर्ज भरून दिला. तिला काहीच अडचण आली नाही, म्हणजे दोष आपलाच, असं सरांनी धरून चाललं. मला झोंबलं ते हे. आयुष्यभर पोरांना "उत्तर चुकलं तर आधी प्रश्न नीट वाच" असं सांगणारा माणूस. इथे प्रश्नच चुकीचा छापलेला होता, आणि तसं त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. एक अर्ज दुसऱ्याने भरला, यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला दिवसेंदिवस शर्टाची बटणंही दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागतात, त्याच्या हातात उरलेल्या कामांतलं एक असं काढून घेणं ही लहान गोष्ट नाही.

सरांना मी नंतर एक युक्ती सांगितली, तुम्हीही लिहून ठेवा. विंडोजवर यादीपाशी आलं की आधी आल्ट आणि खालचा बाण या कळा एकत्र दाबायच्या. यादी उघडते. मग बाणाने हवं तितकं खाली-वर फिरावं, वर्दी जात नाही. हव्या त्या नावावर येऊन एंटर मारलं की जाते. सरांचं काम त्यावर चाललं. पण ही युक्ती किती जणांना ठाऊक असणार? आणि दाराची कडी उलटी बसवली आहे म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येकाला हात वाकडा करायला शिकवायचं, हा न्याय मला पटत नाही.

दुसरा अनुभव माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. तिला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने ती उत्तम नोकरी करते. सरांची गोष्ट तिला फोनवर सांगितली तर ती हसली. तिच्यासाठी हे रोजचंच होतं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही यादी डोळ्यांनी वाचता आणि हाताने निवडता. मी बाणाची कळ दाबते तेव्हा वाचत असते. यादीत पुढे काय आहे हे मला त्याशिवाय कळणार कसं?" मी इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, पण अपूर्ण काळाचं इतकं चपखल उदाहरण मला सुचलं नव्हतं. तिची कळ म्हणजे तिची नजर. आणि पान तिच्या प्रत्येक नजरेला होकार समजून धावत सुटतं.

या प्रकाराची दखल कुणी घेतलीच नाही असं नाही. याकोब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने ड्रॉपडाउन जपून वापरा, असं २००० सालीच लिहिलं होतं. महाजालाचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने पानं सर्वांना वापरता यावीत म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यांच्या डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ३.२.२ क्रमांकाचा नियम यासाठीच आहे. एखाद्या रकान्यातलं उत्तर बदललं एवढ्यावरून माणसाला दुसरीकडे नेऊन टाकू नये. न्यायचंच असेल तर आधी तशी कल्पना द्यावी, असा त्याचा अर्थ. आणि हा नियम 'ए' पातळीचा आहे. म्हणजे वरच्या वर्गासाठी राखून ठेवलेला नाही, पासापुरत्या गुणांतला आहे. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि त्या या आंतरराष्ट्रीय तत्त्वांना धरूनच आहेत. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही आहे. कागद कुठेच कमी नाही.

मग अडतं कुठे? भाचेसुनेशी वाद झाला तो इथेच. तिचा पहिला मुद्दा असा की यादीशेजारी बटण ठेवायचं म्हणजे प्रत्येकाला एक टिचकी जास्त. लोकांना घाई असते, गिऱ्हाईक सांगतं की बटण काढा. मुद्दा खोटा नाही. पण मी तिला विचारलं, ही वाचलेली टिचकी कुणाची वाचते? ज्याला टिचकी मारणं सोपं आहे त्याची. आणि तिचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? ज्याला ती मारताच येत नाही त्याच्या. त्यातून माऊसवाल्याचंही सगळं सुखाचं असतं असं नाही. चुकून वरच्या नावावर टिचकी पडली तर त्यालाही पान पूर्ण उघडेपर्यंत वाट बघून परत फिरावं लागतं. बटण असतं तर त्याने नुसतं नाव बदललं असतं.

तिचा दुसरा मुद्दा, आता सगळे मोबाइलवर आहेत, कीबोर्ड वापरतो कोण? माझी विद्यार्थिनी वापरते, सर वापरतात, आणि बँकेच्या खिडकीमागे दिवसभर आकडे भरणारी माणसंही माऊसला हात न लावता कामं करतात. शिवाय मोबाइलवर निवड नीट झाली तरी जरा काही निवडलं की पूर्ण पान नव्याने मागवणं खेड्यातल्या रेंजवर परवडत नाही. तिचा तिसरा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. प्रत्येक यादीला बटण लावता येत नाही. जिल्हा निवडल्यावर तालुका, तालुक्यानंतर गाव, अशा एकीतून दुसरी निघणाऱ्या याद्या असतात तिथे दर पायरीला बटण म्हणजे वैतागच.

तर यावर आमच्या दोघींचं जे एकमत झालं ते लिहिते. ते तिच्या अनुभवाचं आणि माझ्या हट्टाचं मिश्रण आहे.

पहिली गोष्ट, वर्दीकडून तिच्या अर्थाहून जास्त मागू नये. 'चेंज' एवढंच सांगते की यादीत आता दुसरं नाव दिसतं आहे. माणसाचं ठरलं आहे, असं ती सांगत नाही. त्यामुळे तिच्या भरवशावर जे काही करायचं ते दहा वेळा झालं तरी बिघडणार नाही असंच असावं. पुढच्या यादीत तालुके भरून ठेवा, खुशाल. पण पान नव्याने उघडू नका, माणसाला त्याच्या रकान्यातून उठवू नका, आणि पैसे भरणं किंवा अर्ज दाखल होणं तर वर्दीवर कधीच सोडू नका. त्यासाठी बटण हवंच. असं केलं की एका ब्राउजरने दहा वर्द्या दिल्या काय आणि दुसऱ्याने एकच दिली काय, माणसाला दोन्हीकडे सारखंच वाटतं. मला विचाराल तर खरी एकवाक्यता ही. ब्राउजर एकसारखे वागोत न वागोत, पानाने असं असावं की त्या फरकाने कुणाचं अडू नये.

दुसरी गोष्ट, तालुके मागवल्यावर उत्तर येईपर्यंत माणूस पुढच्या जिल्ह्यावर गेलेला असू शकतो. बाणाने साताऱ्यापर्यंत जाताना तीस जिल्ह्यांचे तालुके मागवले जातात आणि उत्तरं मागितल्या क्रमानेच परत येतील असा भरवसा नाही. अकोल्याचं उत्तर रेंगाळत सर्वात शेवटी आलं, तर जिल्हा सातारा आणि तालुके अकोट, तेल्हारा, बाळापूर! हसू नका, असे अर्ज दाखल होत असतील तर पुढे कचेरीत कुणाचं तरी काम अडणार आहे. उत्तर आलं की यादीत अजून तोच जिल्हा आहे ना, एवढं पानाने पाहावं. नसेल तर ते उत्तर टाकून द्यावं. आणि कळीमागे कळ दाबली जात असेल तर क्षणभर थांबून मगच मागणी करावी. वर्गात नाही का, पोराने हात वर केला तरी त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत आपण थांबतो.

तिसरी गोष्ट, यादीत सर्वात वर "निवडा" असं काहीतरी हवंच. काही याद्यांत पहिला जिल्हा आधीपासूनच भरलेला असतो. आता अहिल्यानगरच्या माणसाने काय करायचं? त्याचा जिल्हा तर आधीच दिसतो आहे. तो पुन्हा निवडला तरी नाव बदलत नाही, म्हणून वर्दी जात नाही, म्हणून तालुके येत नाहीत. बिचाऱ्याला आधी अकोल्याला जाऊन परत यावं लागतं. तसंच मागे जाण्याचं बटण दाबून किंवा पान ताजं करून आलं की कित्येकदा ब्राउजर आधीचं नाव आठवणीने भरून ठेवतो, पण त्याची वर्दी देत नाही. जिल्हा सातारा दिसतो आणि तालुक्यांची यादी रिकामी. तेव्हा पान उघडताच वर्दीची वाट न बघता यादीत काय आहे हे पानाने स्वतःच पाहून घ्यावं.

चौथी आणि शेवटची. ब्राउजरची यादी दिसायला साधी, रंगरूप बदलता येत नाही, म्हणून पुष्कळजण चौकोन आणि रेघा जोडून स्वतःची यादी बनवतात. दिसते छान. पण ब्राउजरला ती यादी आहे हेच माहीत नसतं. तो चेंजची वर्दी देत नाही, बाणाच्या कळा चालत नाहीत आणि माझ्या विद्यार्थिनीला ती ऐकूच येत नाही, जोवर बनवणारा हे सगळं स्वतः हाताने घालत नाही. बहुतेक घालत नाहीत. २०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीपासून ब्राउजरच्या मूळच्या यादीलाच हवं तसं सजवायची सोय झाली आहे. ती सगळीकडे पोचली की निदान ही सबब तरी उरणार नाही.

आता आपल्या ब्लॉगकर मंडळींसाठी दोन शब्द. आपल्यापैकी कित्येकांच्या पानाच्या कडेला "जुने लेख" अशी महिन्यांची यादी असते. ती साच्यातून तयार मिळते आणि नाव बदललं की लगेच त्या महिन्याच्या पानावर नेते. २०१० चा जून शोधायला निघालेला कीबोर्डवाला वाचक पहिल्याच महिन्यात जाऊन पडतो. माझ्या पानावर मी त्या यादीशेजारी "उघडा" असं बटण ठेवलं आहे. चार ओळींचं काम आहे. कुणाला हव्या असतील तर कळवा, पाठवते. नाहीतर यादी काढून टाका आणि महिन्यांचे साधे दुवे ठेवा. ते सगळ्या ब्राउजरांत, सगळ्या कळांना आणि सगळ्या कानांना कळतात.

नातेवाइकांपैकी जे या धंद्यात आहेत (आणि आता घरटी एक तरी आहेच), त्यांना एकच सांगणं. तुम्ही बनवलेलं पान कुणाला दाखवायच्या आधी पाच मिनिटं माऊस उलटा करून ठेवा आणि आपलाच अर्ज पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटणापर्यंत कळांनी भरून बघा. कुठल्या अहवालाची गरज नाही, कुठल्या परीक्षेची नाही. अडलात, तर ऐंशीच्या घरातले गणिताचे सर कुठे अडतात ते तुम्हाला तिथेच कळेल.

या विषयावर तुमचेही अनुभव असतील. प्रतिक्रियेत जरूर लिहा. आणि "काकू, आता वयाप्रमाणे पाककृती लिहा" असं सुचवणाऱ्यांनाही नेहमीप्रमाणे स्वागत आहे, उत्तर मिळेलच असं नाही.